वेल्डिंगच्या शिरस्त्राणाची कुळकथा

विश्वकर्म्याने सूर्याचे तेज तासले, ही कथा आपल्या समाजातील लहानथोरांच्या परिचयाची आहे. विश्वकर्म्याची कन्या संज्ञा सूर्याला दिलेली होती. पतीचे प्रखर तेज तिला सोसवेना. तेव्हा विश्वकर्म्याने सूर्यनारायणाला चरकावर चढविले आणि त्याचे तेज तासून सौम्य केले. तासताना जे तेज गळून पडले त्यापासून विष्णूचे चक्र व शंकराचा त्रिशूळ सिद्ध झाला, असे विष्णुपुराणात वर्णन आहे. उत्सवप्रसंगी या कथेतील शस्त्रांचे कौतुक होते. परंतु ज्यासाठी हा सारा खटाटोप झाला ते प्रयोजन निराळे होते. तेजाच्या सान्निध्यात मनुष्याला राहता यावे इतके ते उणे करावयाचे होते. सांप्रत आपल्या ज्ञातीतील ज्या तरुणांच्या हाती घणाच्या जागी वेल्डिंगचा होल्डर आला आहे, त्यांच्यापुढे रोज सकाळी हाच प्रश्न उभा असतो. काळी काच बसविलेले शिरस्त्राण हे त्याचे उत्तर. या साध्या वस्तूचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडावा, आणि ती निवडावी कशी, वापरावी कशी व जपावी कशी हेही सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आपल्या जुन्या विद्येचा विचार करू. बलुतेदारीच्या काळात गावचा लोहार नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवी. त्याच्यापाशी उष्णता मोजण्याचे यंत्र नव्हते. लोखंडाचा ताव तो रंगावरून ओळखी : काळपट तांबडा, लाल, नारिंगी, पिवळा आणि अखेरीस पांढरा. दोन तुकडे एकजीव करावयाचे झाले तर ते पांढऱ्या तावापर्यंत आणून, तोंडावर वाळू किंवा टाकणखार टाकून, ऐरणीवर घणाखाली धरावे लागत. क्षणभर उशीर झाला तर सांधा धरत नसे. क्षणभर अधिक तापले तर लोखंड जळून जाई. म्हणून बाप मुलाला भात्याशी बसवी आणि जाळाकडे पाहावयास शिकवी. उघडा डोळा हेच आपल्या विद्येचे मुख्य उपकरण होते, आणि त्याचा आपल्या वाडवडिलांना रास्त अभिमान होता.

जाळाकडे पाहण्याची ही सवय सर्वस्वी निरुपद्रवी होती असे नव्हे. काचेच्या भट्टीपुढे आयुष्य काढणाऱ्या यूरोपातील कारागिरांना मोतीबिंदू लवकर होतो, हे तेथील वैद्यांनी फार पूर्वी नोंदविले होते. मात्र भट्टीच्या जाळात एक गुण होता. तो असह्य झाला की माणूस आपोआप तोंड फिरवी. इजा होण्याआधी इशारा मिळे. विजेच्या जाळात हा गुण नाही, आणि येथूनच आमच्या कथेला प्रारंभ होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडन येथे हंफ्री डेव्ही यांनी कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून दाखविली. तिचा प्रकाश पाहून लोक थक्क झाले. पुढे अशा ज्योतीवर प्रयोग करणाऱ्या दोघा रसायनज्ञांचे चेहरे लाल होऊन डोळे दुखू लागले, तेव्हा १८५८ साली पॅरिसचे प्रसिद्ध वैद्य शार्को यांनी त्या विकाराची नोंद केली. हा दोष उष्णतेचा नसून प्रकाशातील रासायनिक परिणाम करणाऱ्या किरणांचा असावा, असा तर्क त्यांनी मांडला. १८८९ साली स्टॉकहोम येथील नेत्रवैद्य विडमार्क यांनी प्रयोगाने सिद्ध केले की, डोळ्याला न दिसणारे जंबुपार किरणच बुबुळावरील पडदा व कातडी भाजून काढतात. म्हणजे शत्रू कोण ते कळले. पण तो अदृश्य होता.

याच सुमारास विजेची ज्योत लोहाराच्या कामी आली. १८८५ च्या सुमारास रशियन साम्राज्यातील निकोलाय बेनार्दोस यांनी कोळशाच्या कांडीने धातू वितळवून सांधण्याची कृती शोधली व ओल्शेव्स्की यांच्यासह तिचे एकस्व घेतले. या कृतीला त्यांनी 'इलेक्ट्रोगेफेस्ट' असे नाव दिले. ग्रीक लोकांचा जो लोहारदेव हेफेस्टस, त्याच्यावरून ते योजले होते. दूरदेशीच्या संशोधकालाही आपल्या यंत्रासाठी लोहारदेवाचेच स्मरण व्हावे, ही गोष्ट आपल्या समाजाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. १८८८ साली स्लाव्यानोव यांनी कोळशाच्या जागी धातूचीच कांडी वापरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग यांनी त्या कांडीवर लेप चढविला. आज आपल्या दुकानात ज्याला आपण 'रॉड' म्हणतो त्याचा जन्म असा झाला.

या ज्योतीने काय होते ते प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे. जंबुपार किरण बुबुळावरील पारदर्शक पडद्याची वरची त्वचा भाजतात. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. मुलगा काम आटोपून घरी येतो, जेवतो, निजतो. आणि सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊन तो उठून बसतो. डोळे उघडवत नाहीत, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. बहुतेक वेळा एकदोन दिवसांत हे बरे होते, आणि बरे होते म्हणूनच त्याची कोणी पर्वा करीत नाही. परंतु बुबुळामागील भिंगापर्यंत व दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारे किरणही याच ज्योतीत असतात. त्यांची इजा साठत जाते व ती परत भरून येतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचे जंबुपार किरण आणि वेल्डिंगचा धूर या दोहोंची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली.

अशा रात्री घरोघर जे उपचार होतात त्यांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. कोणी बटाट्याचे काप बांधतात, कोणी दुधाचे किंवा गुलाबपाण्याचे थेंब सोडतात. भाजलेल्या बुबुळावर स्वयंपाकघरातील कोणतीही वस्तू घालू नये. त्यातून जंतू जाऊन साधी इजा गंभीर होते. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ थंड पाण्याची घडी ठेवावी, डोळे चोळू नयेत आणि डॉक्टरांकडे जावे. डोळा बधिर करणारे थेंब आणून ते वारंवार घालून कामावर जाण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते ती तर फारच घातक आहे. वेदना थांबते, पण जखम भरणे लांबते.

आता काचेकडे वळू. १९०८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने काचकामगारांच्या मोतीबिंदूचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या कामातून सर विल्यम क्रुक्स या वृद्ध रसायनशास्त्रज्ञांनी काचेत निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून असंख्य नमुने तयार केले. लोहाच्या संयुगाने उष्णतेचे किरण अडतात, सेरियमने जंबुपार किरण अडतात, असे त्यांना आढळले. त्यांचा निबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी बाजारातील रंगीत काचा तपासल्या. काच डोळ्याला किती काळी दिसते यावरून ती अदृश्य किरण किती अडविते हे ठरत नाही, हा या साऱ्या संशोधनाचा निष्कर्ष होय. आपल्या तरुणांनी तो पाठ करावा. रस्त्यावर मिळणारा काळा चष्मा लावून टाके मारणारा माणूस उलट अधिक धोक्यात असतो. प्रकाश कमी झाल्याने त्याची बाहुली मोठी होते, आणि काच खरोखरची गाळणी नसेल तर त्या मोठ्या झालेल्या दारातून किरण आत जातात.

प्रारंभीचे कारागीर काच बसविलेली चौकट एका हातात धरीत. ती अजूनही आपल्या दुकानांत 'हँडस्क्रीन' या नावाने नांदत आहे. पण मोठ्या कामाला दोन्ही हात लागतात. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांची यंत्रे त्यांच्या खलाशांनी फोडून ठेवली होती. ती विजेच्या वेल्डिंगने सांधून जहाजे पुन्हा समुद्रात सोडण्यात आली, आणि या विद्येचा दबदबा जगभर झाला. १९२० साली इंग्लंडात 'फुलागार' हे रिबेटांवाचून सांधलेले जहाज पाण्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेने लिबर्टी जातीची २७०० हून अधिक मालवाहू जहाजे बांधली. त्यांच्या सांधकामात हजारो स्त्रियाही होत्या. अशा गोद्यांत डोक्याला पट्ट्याने बसणारे व मानेच्या हिसक्याने खाली पडणारे शिरस्त्राण कारागिराच्या अंगाचा भाग बनले. त्याचे कवच पुढे कातड्याऐवजी दाबलेल्या कागदी तंतूचे, मग काचतंतूचे व अलीकडे नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचे होऊ लागले.

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या रुजली ती प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर. कारखान्यात तयार झालेल्या लोखंडी नांगरांनी व अवजारांनी गावच्या भट्टीचे काम हळूहळू ओढून घेतले होते. बलुते आटले आणि आपले लोक गोदीत, रेल्वेच्या कर्मशाळांत, साखर कारखान्यांत शिरले. १९५० साली केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरच्या व्यवसायाला 'संधाता' असे भारदस्त मराठी नाव मिळाले. १९५१ साली मुंबईत अडवानी-ओर्लिकन या कंपनीची स्थापना होऊन वेल्डिंगचे रॉड देशात बनू लागले. १९६० साली माझगाव गोदी सरकारच्या मालकीची झाली, आणि १९७२ साली तेथे बांधलेली 'निलगिरी' ही युद्धनौका आरमारात दाखल झाली.

कायद्यानेही डोळ्यांची दखल घेतली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमात उडणारे कण आणि अतिप्रखर प्रकाश या दोहोंपासून डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद होती. १९६७ साली भारतीय मानक संस्थेने वेल्डिंगसाठी डोळे व चेहरा यांच्या संरक्षक साधनांचे मानक, आय. एस. ११७९, प्रसिद्ध केले. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तरच तो कायदा लागू होई; २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेत कारखाना ठरण्यासाठी ही संख्या वीस करण्यात आली. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांचा व्यवसाय म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. दोन भाऊ, एक पुतण्या आणि एक मदतनीस. काम खिडक्यांच्या जाळ्यांचे, फाटकांचे, ट्रॉल्यांचे. तेथे तपासनीस यावयाचा नाही. तेव्हा जे काम अन्यत्र कायदा करतो ते येथे घरच्या वडीलधाऱ्यांनीच केले पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

निवड करताना पहिली गोष्ट काचेचा क्रमांक. क्रमांक एकाने वाढला की काचेतून येणारा प्रकाश आधीच्या एकतृतीयांशाहून किंचित अधिक इतकाच उरतो. दहा क्रमांकाची काच एक लाख भागांतील सुमारे चौदा भाग प्रकाश आत सोडते, तर बारा क्रमांकाची केवळ दोन. रॉडच्या वेल्डिंगसाठी ६० ते १६० अँपिअर प्रवाहाला दहा क्रमांक योग्य समजतात व आठाच्या खाली कधीही जाऊ नये. १६० ते २५० अँपिअरला बारा क्रमांक घ्यावा व दहाच्या खाली जाऊ नये. त्याहून मोठ्या कामाला चौदापर्यंतची काच लागते. वायूच्या वेल्डिंगला जाडीप्रमाणे चार ते आठ क्रमांक पुरतात. म्हणून गॅसचा चष्मा लावून विजेचे काम करणे म्हणजे डोळे उघडे ठेवण्यासारखेच आहे. अतिकाळी काचही नको. सांधा दिसेनासा झाला की कारागीर शिरस्त्राण वर करून पाहतो, आणि मग सर्वच व्यर्थ जाते. आरंभी गडद काच घेऊन, वितळलेला रस स्पष्ट दिसेपर्यंत एकेक क्रमांक उतरावे, मात्र वर सांगितलेली मर्यादा ओलांडू नये.

दुसरी गोष्ट कवच. ते कपाळापासून गळ्यापर्यंत व दोन्ही कानांपर्यंत चेहरा झाकणारे, वजनाला हलके आणि डोक्याचा पट्टा घट्ट-सैल करता येईल असे असावे. काचेवर क्रमांक व मानकाची खूण कोरलेली आहे की नाही ते पाहावे. खूण नसलेली काच स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये.

१९८१ साली स्वीडनमधील होर्नेल यांच्या कंपनीने 'स्पीडग्लास' ही आपोआप काळी होणारी काच बाजारात आणली, तेव्हा या इतिहासाला नवे वळण मिळाले. द्रवस्फटिकांचा पडदा ज्योत पेटताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात गडद होतो व ज्योत विझताच पुन्हा उजळतो. शिवाय चांगल्या काचेत अदृश्य किरण अडविणारा थर कायमचाच असतो; पडदा उजळ असला तरी तो थर आपले काम करीत राहतो. 'टाका मारताना जागा दिसत नाही, म्हणून डोळे मिटून मारतो' अशी जी सबब नवशिके देतात ती या काचेने उरत नाही. ज्याला दिवसभर टाके मारावयाचे आहेत त्याने ऐपत होताच हे साधन घ्यावे. मात्र क्रमांकाची खात्री नसलेल्या हलक्या मालापेक्षा साधी, खूण असलेली स्थिर काच कितीतरी बरी.

वापराविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, शिरस्त्राण वर केल्यावर धोका संपत नाही. मळी ठोकून काढताना व ग्राइंडर चालविताना उडणारे कण डोळ्यांत जातात. म्हणून आतून पारदर्शक संरक्षक चष्मा असावाच. शिरस्त्राण धूर अडवीत नाही; डोके धुराच्या झोताबाहेर ठेवावे आणि शेडमध्ये वारा खेळता असावा. पाठीमागे पांढरी भिंत किंवा चकचकीत पत्रा असेल तर परावर्तित ज्योत बाजूने आत शिरते. आणि रॉड धरणाऱ्यापेक्षाही अधिक उपेक्षा होते ती मदतनिसाची. तो पाइप धरून उभा राहतो व मान फिरवितो, एवढेच त्याचे संरक्षण! त्यालाही काच हवी. डबा घेऊन आलेल्या स्त्रिया, शाळेतून परतताना ठिणग्या पाहत उभी राहणारी मुले यांच्यासाठी कामाभोवती जाड पडदा लावावा.

निगा राखणे कठीण नाही. काळ्या काचेच्या पुढे जी साधी पारदर्शक काच असते ती ठिणग्या अंगावर घेण्यासाठीच असते. ती ठिपक्यांनी भरली की बदलावी. थोड्या पैशांत मोलाची काच वाचते. काळ्या काचेला तडा गेला, कोपरा उडाला किंवा ती चौकटीत हलू लागली, तर चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नये. केसाएवढ्या फटीतूनही ज्योत आत येते. कवचाला भोक पडले की ते टाकून द्यावे. काच मऊ स्वच्छ फडक्याने पुसावी. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नये. आपोआप काळी होणाऱ्या काचेचे संवेदक पुसून स्वच्छ ठेवावे, बॅटरी वेळीच बदलावी, ती पाण्यात बुडवू नये आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये. ती लुकलुकू लागली तर काम तेथेच थांबवावे. घामाचा पट्टा धुवावा. काम संपल्यावर शिरस्त्राण जमिनीवर उपडे न टाकता खुंटीला टांगावे.

एवढे सर्व असूनही काही ठिकाणी उघड्या डोळ्यांनी काम करणे हा मर्दपणा समजला जातो, आणि काच मागणाऱ्या उमेदवाराची थट्टा होते. आमच्या मते हा जुन्या अभिमानाचा चुकीचा वारसा आहे. वाडवडील जाळाकडे पाहत, कारण त्या पाहण्यातून त्यांना लोखंडाचा ताव कळे. विजेच्या ज्योतीकडे उघड्या डोळ्याने पाहून काहीही कळत नाही. वितळलेला रस, त्याची कड, मळीची सीमा हे सारे काचेतूनच दिसते. तेव्हा ज्याला आपल्या पूर्वजांची पाहण्याची विद्या पुढे चालवावयाची आहे, त्याने काच वापरलीच पाहिजे.

खंडेनवमीला आपण ऐरण, घण, सांडशी धुऊनपुसून मांडतो. त्यांच्या पंक्तीला शिरस्त्राणही असावे, अशी आमची ज्ञातिबांधवांना विनंती आहे. घरातील मातेने किंवा वडीलधाऱ्याने पूजेपूर्वी ते हातात घेऊन उजेडाकडे धरावे. काचेवरील क्रमांक वाचावा, तडा पाहावा, पट्टा ओढून पाहावा. जे धड असेल त्याला हळदकुंकू वाहावे. जे फुटले असेल ते पूजेत न ठेवता बाजूला काढावे, आणि दसरा झाल्यावर दुकान उघडण्यापूर्वी त्या जागी नवे आणावे.